भावाच्या भाषणातली आई

माझ्या भावाने फोनवर आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली की मी सावध होते. गुडघ्यांनंतर गच्चीवरच्या टाकीची चौकशी होते, मग शेजारच्या मावशींची, आणि मग आत्ताच आठवल्यासारखं तो काम सांगतो. अर्धं आयुष्य परराष्ट्र सेवेत काढलेला माणूस आहे. त्याच्याकडून सरळ प्रश्न काढणं म्हणजे आटलेल्या म्हशीची धार काढणं.

मी स्वभावानेच संशयी, हे कबूल. शाळेत भूगोल शिकवला, पण हयात गेली ती बोर्डाच्या परीक्षेत वर्गावर पहारा देण्यात. कॉपी करणारं पोर इतरांपेक्षा जास्त शांत बसतं, एवढं तिथे शिकले. त्यामुळे कोणी फार गोड वागलं की माझ्या मनात पाल चुकचुकते.

उत्तर नागपुरातल्या आमच्या दोन खोल्यांतून भाऊ दिल्लीला गेला, परीक्षा पास झाला आणि पुढे देशोदेशींच्या वकिलातींत राहिला. शेवटी राजदूत झाला. मग एक दिवस नोकरी सोडून पक्षात गेला, खासदार झाला, मंत्री झाला, आणि आता पक्षाची देशभराची धुरा त्याच्याकडे येणार असं ठरलं होतं. आमच्या चौकात त्याचे इतके बॅनर लागले की विजेची डीपी झाकली गेली. अभिमान मलाही होता. पण हा माणूस जेवायला बसला की मी त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. एकदा मुद्दाम अळणी वरण वाढलं. तो म्हणाला, "अशी चव मला कुठल्याच देशात मिळाली नाही." त्याला खोटंही म्हणता येईना.

आई माझ्याजवळ राहते. ती ऐंशीच्या घरात आहे. मी लग्न केलं नाही. अमरावतीला मुख्याध्यापिका म्हणून जायची संधी आली तीही सोडली, कारण आईला एकटं कसं ठेवायचं? मला कोणी थांबवलं नव्हतं. माझं मीच ठरवलं, असं मी विचारणाऱ्या सगळ्यांना सांगत आले.

भावाच्या एका भाषणाने मात्र माझी झोप उडवली. मैदान गच्च भरलेलं, आम्ही दोघी टीव्हीवर बघत होतो. तो म्हणाला, "छप्पन साली माझी दहा वर्षांची आई नवा पांढरा झगा घालून, वडिलांचं बोट धरून कामठीहून चालत दीक्षाभूमीवर आली. माझा प्रवास तिच्या त्या पावलांपासून सुरू झाला." टाळ्या थांबेनात. मी आईकडे पाहिलं. ती वाटाणे सोलत होती. तिने मान वर केली नाही.

कारण आई तिथे नव्हतीच. झगा होता, तो खरा. आजोबांच्या धोतरातून शिवलेला. पण त्या सकाळी आईची आजी तापाने फणफणली होती, तिच्याजवळ कोणीतरी थांबायला हवं होतं आणि घरात पोरगी म्हणून हीच. बाकी सगळे गेले. झगा वाया नको म्हणून तो शेजारच्या घरातल्या हिच्या चुलतबहिणीच्या अंगात घातला. आई दारात उभी राहून आपला झगा रस्त्याने जाताना बघत राहिली. हे तिने मला मी नववीत असताना सांगितलं होतं, भांडी घासता घासता. नंतर कधीच बोलली नाही. तिच्या आयुष्यातलं ते सर्वांत मोठं दुःख आहे, हे मला तेव्हाही कळलं होतं.

आणि हा त्या दुःखाला हार घालून मैदानात मिरवत होता.

मी त्याला फोन केला. दादा, आई तिथे नव्हती, हे तुला माहीत आहे ना, असं सरळ विचारलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "तू किती लक्ष देऊन ऐकतेस गं. इतकं कोणी ऐकत नाही." मग गुडघे कसे आहेत ते विचारलं. माझी खात्री पटली. ज्याला माहीत नसतं तो चमकतो, वाद घालतो. हा शांत बसला होता.

तेव्हापासून त्याच्या प्रत्येक गोष्टीत मला पाणी मुरताना दिसायला लागलं. तो दर महिन्याला आईला भेटायला यायला लागला. गल्ली म्हणायची, बघा, एवढा मोठा झाला पण आईला विसरला नाही. मी म्हणायची, निवडणूक जवळ आली वाटतं. तो आईच्या पायाशी खाली बसायचा, आणि त्याच्यासोबतच्या माणसाच्या हातात नेमका कॅमेरा असायचा. आईला तो किती आवडतो ते मला दिसत होतं, म्हणून राग आणखी यायचा.

मग कळलं की त्याच्या आयुष्यावर एक वाहिनी कार्यक्रम करते आहे आणि त्यांना आईला विचारायचं आहे, त्या दिवसाबद्दल. मी आईला म्हटलं, जे झालं तेच सांग. मी तिथं नव्हती म्हण. झग्याचं सांग, चुलतबहिणीचं सांग. त्याचं काय व्हायचं ते होईल. विरोधक टपलेले होतेच, राजदूताची थाप म्हणून देशभर नाचवली असती, आणि हातातोंडाशी आलेलं पद गेलं असतं. हे मला कळत होतं. तरी आईचं दुःख तिचं तिला परत मिळावं, असं मला मनापासून वाटत होतं. आई एवढंच म्हणाली, "पाहू."

भाऊ आदल्या दिवशी आला. आईसाठी पांढरी साडी घेऊन. मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत होते, आता हा तिला पढवणार. त्याने काही पढवलं नाही. बीपीची गोळी घेतेस का विचारलं, तिच्याबरोबर मालिका बघितली आणि झोपला. पढवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. न पढवण्याइतकी खात्री याला कशाची होती?

सकाळी माणसं आली, दिवे लागले, तर्री-पोहे झाले. मराठी जाणणारी एक मुलगी आईसमोर बसली आणि म्हणाली, "आजी, त्या दिवसाचं सांगा ना." भाऊ खिडकीशी उभा होता. आईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

मग ती बोलायला लागली. झगा कसा शिवला, नीळ कमी पडली म्हणून तो कसा पिवळसर दिसायचा, तो वाळत असताना ती त्याच्याजवळून कशी हलली नाही. पहाटेपासून रस्त्याने माणसंच माणसं कशी जात होती, पांढरीच पांढरी, म्हातारी, लेकुरवाळी, भाकरी बांधून घेतलेली. संध्याकाळी तिचे वडील तिला म्हणाले, आजपासून आपण कोणापुढे वाकायचं नाही. सांगताना तिचा आवाज फाटला. समोरच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. कॅमेरावाल्याने नाक पुसलं.

मी कान टवकारून ऐकत होते, परीक्षेच्या वर्गात ऐकायची तशी. सगळं संपल्यावर माझ्या लक्षात आलं, तिने एकही वाक्य खोटं उच्चारलं नव्हतं. मी गेली होती, असं ती म्हणाली नाही. नव्हती गेली, असंही नाही. रस्ता तिने दारातून पाहिला होता, आणि वडील ते बोलले होते घरी परतल्यावर. भाऊ ही विद्या कुठल्या देशात शिकला असेल, याचा मी उगाच इतकी वर्षं विचार करत होते.

माणसं गेली, भाऊ त्यांना सोडायला गाडीपर्यंत गेला. मी आईला आत नेलं आणि विचारलं, हे त्याच्या डोक्यात आलं कुठून?

"मीच सांगितलं होतं त्याले," ती म्हणाली. "दिल्लीले निघाला तवा. मी गेली होती म्हनून."

म्हणजे तो बिचारा खरं समजूनच बोलत होता, आणि मी त्याला चोर ठरवून बसले होते. की त्यालाही कधीतरी कळलं होतं आणि आईसाठी तो गप्प होता? मी तिला तेही विचारलं. त्याला कधी विचारू नकोस, म्हणाली.

"पण मले खरं सांगितलं, अन् त्याले खोटं काहून?"

आई नवी साडी सोडून घरातली नेसत होती. तिने निऱ्या नीट केल्या आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "त्याले दूर जायचं होतं वं. मोठ्या लोकाईत बसायचं होतं. आपली माय मांगं राहिली होती, हे डोक्यात घेऊन पोरगं कसं जाईन? तू तं माह्यापाशीच राहनार होती. मांगं राहनाऱ्याले खरं मालूम पायजे."

बाहेरून भावाने हाक मारली, विमानाची वेळ झाली म्हणून. आई लगबगीने त्याला निरोप द्यायला गेली. मी तिथेच उभी राहिले. तिने मला ते सांगितलं तेव्हा मी नववीत होते. अमरावती तेव्हा कुठेच नव्हती, कोणाचं स्थळ आलं नव्हतं, मी अजून काहीच ठरवलेलं नव्हतं.