मडगार्डला लावलेला खडू

आमची पहिली गाडी सेकंडहँड होती. पांढरी, गोल पाठीची. यांना बोईसरच्या कारखान्यात फिटर म्हणून लागून आठ-नऊ वर्षं झाली होती, तेव्हा घेतली. आमचं गाव घिवलीच्या बाजूला, समुद्राजवळ. हे गाडीने कामावर जात आणि सुट्टीच्या दिवशी वाडीतल्या चिकूच्या करंड्या वाणगाव स्टेशनला पोचवत. गाडी धुण्याचं काम माझं होतं. मला ते आवडायचं, कारण ते करताना कोणाशी बोलावं लागत नसे.

कारखान्यांच्या ट्रकांनी रस्त्याची वाट लावली होती. गावाबाहेरच्या मोरीच्या उंचवट्यावर तर गाडीत चारांपेक्षा जास्त माणसं असली की गाडीचं पोट खाली घासायचं. मग कोणीतरी घरी राहायचं, आणि ते कोणीतरी मीच असे. कोणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. सासूबाई पुढे, नणंद मागे, एखादा पाहुणा, आणि मी दारात.

यांच्या डोक्यात आलं की मागचे टायर मोठे घातले तर गाडी उंच होईल. बोईसरच्या नाक्यावर पत्र्याच्या शेडखाली एक टायरवाला बसायचा. डोंगराकडच्या गावचा, तिशीचा असेल. हे त्याच्याकडे गेले तेव्हा डॉक्टरकडे जायचं म्हणून मी आणि सासूबाईही गाडीत होतो.

"दादा, रिम तीच, चौदाचीच," तो म्हणाला. "टायर एक नंबर मोठा बसंल. पण मडगार्डात जागा कमी हाय. भरल्या गाडीला लागंल का नाय, ते बघाया लागंल."

"तू बसव रे. लागलं तर बघू," हे म्हणाले, आणि समोर चहाला गेले.

त्याने चाकं बसवली. मग पंक्चरवर खूण करायचा पांढरा खडू घेतला आणि दोन्ही मडगार्डांच्या आतल्या कडेला जाड घासला. माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "वैनी, दादांना सांगा. खडू लावलाय. टायरवर पांढरा पट्टा आला, म्हंजे घासतोय. तसं झालं तर लांब जाऊ नका, लगेच आणा. मी जुनं बसवून देईन, पैसं नाय घेनार."

मी मान हलवली. इतकंच.

हे आले आणि निघालो. तेवढ्यात सासूबाई पुढच्या सीटवरून म्हणाल्या, "तो काय गो बोलत व्हता तुझ्याशी? रस्त्यावरच्या मानसाशी बोलनं बरं नाय." यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काही नाही." एवढंसं खोटं मला लाजेने बोलावं लागलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण पुढचं लाजेने झालं नाही.

गाडी खरंच उंच झाली. मोरीवरून अलगद गेली, तेव्हा हे लहान मुलासारखे हसले. म्हणाले, "आता परवा पालघरला सगळे जाऊ. तूही चल." माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न ठरत होतं आणि मुलाच्या घरी, कोळगावजवळ, बोलणी करायला जायचं होतं. आम्ही तिघं, नणंद आणि यांचे मामा, असे पाच जण. मी ट्रंकेतून माझी मोरपंखी साडी काढून उन्हात टाकली.

मध्ये एक दिवस होता. त्या दिवशी हे चार करंड्या चिकू वाणगावला टाकून आले. दुसऱ्या दिवशी, पालघरला निघायच्या सकाळी, मी बादली घेऊन गाडी धुवायला गेले, तर डाव्या बाजूच्या मागच्या टायरवर पांढरा पट्टा. बोटभर रुंद, सगळा टायरभर गोल. उजवीकडेही होता, जरा फिका.

मी ओला फडका हातात घेऊन बराच वेळ उभी होते. यांना हाक मारली असती तर ते आले असते. जुने टायर परत बसले असते, आणि मी दारात राहिले असते. हे सगळं मला तेव्हा स्पष्ट कळत होतं. चौथी शिकलेल्या बाईला कळायला त्यात अवघड काही नव्हतं.

मी पट्टा पुसला. दोन्ही बाजूंचा. मग गाडीची काच पुसली, दारं पुसली, रोजच्यासारखं.

पालघरच्या वाटेवर बोईसर मागे टाकलं आणि मागून खर्र-खर्र आवाज यायला लागला. मामा म्हणाले, "पानी पडलं असंल रे कुठं, चिखल लागतोय." उन्हाळा होता. मग रबर जळाल्याचा वास आला. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. एका खड्ड्यात गाडी बसली, मोठा आवाज झाला आणि गाडी शेताच्या बांधावर जाऊन आदळली. बाकी कोणाला लागलं नाही. फक्त सासूबाईंचं मनगट मोडलं.

एका टेम्पोवाल्याने आम्हाला बोईसरला आणलं. प्लास्टर झाल्यावर हे सरळ नाक्यावर गेले. मी आणि सासूबाई रिक्षात होतो, शेडच्या समोरच.

"टायर बसवतोस का बैलगाडीची चाकं?" हे ओरडले. चहावाल्याकडची माणसं उठून बघायला लागली. "जंगलातनं उठायचं आणि इथे गाड्यांना हात लावायचा. आई मरता मरता वाचली माझी."

तो उभा राहिला. म्हणाला, "मी खडू लावलाता. सांगितलं व्हतं."

"कुणाला?"

"वैनीला."

हे रिक्षाकडे वळले. "तुला काही सांगितलं होतं यानं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आता ही सांगेल आणि संपेल, असं पाहिलं.

मी मान हलवली. नाही म्हणून.

तो खाली वाकून पान्हे गोळा करायला लागला. हे अजून बरंच बोलले, ते मी लिहीत नाही. रिक्षा निघाल्यावर सासूबाईंनी प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "गप ऱ्हायलीस, बरं केलंस." म्हणजे त्यांनी खिडकीपाशी सगळं ऐकलं होतं. सासूबाई वारल्या तोपर्यंत आम्ही दोघी त्यावर पुन्हा बोललो नाही.

यांनी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं की त्या माणसाकडे जाऊ नका. पावसाळ्यानंतर ती शेड रिकामी दिसली.

पुढे बारा-तेरा वर्षांनी आम्ही नवी गाडी घेतली, छोट्या चाकांची. तिचे टायर झिजले तेव्हा पालघरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, एक साइज रुंद घाला, गाडी रस्ता धरते, दिसतेही छान. यांना पटत होतं. ते मला सहज म्हणाले, "काय करू या गं?"

मी दुकानदाराकडे खडू मागितला. तो हसला, पण दिला. मी खाली बसून मडगार्डाच्या आतल्या कडेला तो घासला आणि म्हटलं, "हे बसवा. मग चार माणसं बसवून मोरीवरून एक फेरी मारू. टायरवर पांढरं आलं तर आपले जुन्या साइजचेच बरे."

परतताना यांनी विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

मी सांगितलं. पट्टा पुसला तेही सांगितलं, साडीचंही सांगितलं. ते ऐकत गाडी चालवत राहिले. आमचं वळण आलं तरी वळले नाहीत. बोईसरच्या नाक्यावर जाऊन थांबले.

शेडच्या जागी झेरॉक्सचं दुकान होतं. चहावाला मात्र तोच होता, म्हातारा झालेला. हे खाली उतरले आणि त्याला विचारलं, इथे एक टायरवाला होता, तो कुठे असतो.

"तो होय," चहावाला म्हणाला. "गेला कधीच. चांगला कारागीर होता. कोणा गाडीवाल्याने भर नाक्यात इज्जत काढली, मग गिऱ्हाईक येईना. भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला बायकापोरं घेऊन, असं ऐकलं. तुमच्या ओळखीचा का?"

हे खिशात सुटे पैसे शोधायला लागले. मग म्हणाले, "नाही. सहज विचारलं."

मी गाडीतून ऐकत होते. त्यांना काही म्हणायचा हक्क मला नव्हता. त्यांनी दोन चहा घेतले, एक मला खिडकीतून दिला. आम्ही तो गाडीतच प्यायलो आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी चार माणसं मोरीवरून फिरवून आणली, तर टायरवर पांढरं आलं होतं. मी यांना हाक मारली.