कोंडाबाईंच्या घोंगडीचा धागा

आज जे सांगतेय ते घरात कुणालाच ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, कॉलेजातल्या जिवाभावाच्या मैत्रिणीलाही नाही. कितीदा तरी अगदी ओठांवर आलं — आणि मी चहा ठेवायला उठले. आता तुम्ही ऐका. पण आधी मला कोंडाबाईंबद्दल बोलू द्या. त्यांच्याबद्दल बोलायला मला मनापासून आवडतं. आणि खरं सांगायचं तर तेवढाच जरा वेळ मिळतो.

मी जाफराबादला ज्युनियर कॉलेजात गृहविज्ञान शिकवत होते. माहेर टेंभुर्णीचं, मारवाडी, कापडाचं दुकान. त्यामुळे धागे ओळखणं हा माझा हातखंडा विषय. मेणबत्ती लावायची, चिमट्यात धागा धरायचा. सुती धागा भरकन पेटतो, जळक्या कागदाचा वास येतो, हलकी राख राहते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. लोकर नाखुशीनंच जळते, ज्योत काढली की विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि काळी गुठळी चिमटीत चुरून जाते. गावातल्या बायका लग्नाचे शालू माझ्याकडं तपासायला आणायच्या. मॅडमनी सांगितलं म्हणजे सांगितलं! मला ते आवडायचं — का नाही आवडणार?

कोंडाबाई टेंभुर्णीजवळच्या धनगरवस्तीवरच्या. त्या लोकर कातायच्या, नवरा मागावर घोंगडी विणायचा. एकदा मी त्यांना वर्गात बोलावलं. टेबलावर लोकरीचे पुंजके मांडले, तर बाईंनी डोळे मिटले आणि एकेक हातात घेऊन सांगत गेल्या. "ही मानंची. ही पोटाची, हिचा धागा टिकत न्हाई. अन्‌ हे जावळ, कोकराची पहिली कातरण. इतकी मऊ लोकर मंग त्या मेंढीची पुन्हा येत न्हाई." मी मुलींना समजावून सांगितलं की लोकर पुष्कळ पाणी पिते, तरी अंगाला ऊब देते. कोंडाबाई खुदकन हसल्या. "बाई, आमी भर पावसात घोंगडी घेऊन मेंढरामागं हिंडतो. आमाला पुस्तक काहून लागंल?" सगळा वर्ग हसला, मीही हसले.

त्यांचं सूत मी गिरणीच्या सुताशेजारी ठेवून पाहिलं होतं. कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही. हाताची चाती फिरवून असं सूत निघतं? मी त्या बाईवर अक्षरशः भाळले होते. आजही आहे.

पण त्या सुबकपणानंच घात केला. वस्तीवर खंडोबाच्या ठाण्यावर अंथरायला नवी घोंगडी हवी होती. देवाची घोंगडी निव्वळ लोकरीची लागते, दुसरा एक धागाही चालत नाही. कोंडाबाईंची घोंगडी ठरली, आणि कुणीतरी शंका काढली — हातानं कातलेलं सूत इतकं सारखं असतं होय? ही गिरणीचं सूत मिसळते. मग वस्तीवरच्या जाणत्यांनी ठरवलं, कॉलेजातल्या मॅडमला विचारू.

दुपारच्या प्रात्यक्षिकाला ते आले. चार म्हातारी माणसं, कोंडाबाई, आणि घडी घातलेली काळी घोंगडी. मुली भोवती गोळा झाल्या. मी कडेचा एक उभा, ताण्याचा धागा ओढून काढला आणि ज्योतीवर धरला. केसांचा वास आला. पण त्याबरोबर जळक्या कागदाचाही आला, आणि टोक थोडा वेळ धुमसत राहिलं.

"सुती धागा मिसळलाय," मी म्हणाले.

कोंडाबाई पुढं आल्या. आवाज अजिबात चढला नाही. "बाई, ताण्याला चिंचोक्याची खळ हाये. धागा धुऊन बगा एकदा."

एक वाटी पाणी. दहा मिनिटं. एवढंच तर त्या मागत होत्या! आणि मी? वर्गभर मुली माझ्याकडं बघत होत्या. आपल्या चाचणीत कुणी चूक दाखवावी, तीही मुलींसमोर — मला ते सोसेना. मी म्हणाले, "मी इतकी वर्षं हेच शिकवतेय, मावशी." म्हातारी माणसं उठली. एकानं घोंगडी उचलून कोंडाबाईंच्या हातात दिली, त्यांच्याकडं न बघता.

माझी चूक एवढीच असती, तर मी इतकी वर्षं गप्प बसले नसते.

मुली गेल्यावर मी उरलेला धागा कोमट पाण्यात धुतला. पाणी चिकट झालं. वाळवून पुन्हा ज्योतीवर धरला. नुसता केसांचा वास, ज्योत काढताच विझला, गुठळी चिमटीत भुगा झाली. निव्वळ लोकर! कागदाचा वास खळीचा होता. ती माणसं अजून स्टँडवर जीप भरायची वाट बघत असणार. स्टँड कॉलेजपासून पाच मिनिटांवर. मी टेबल पुसलं, मेणबत्ती कपाटात ठेवली आणि हजेरीपट भरायला बसले.

ठाण्यावर दुसऱ्या घरची घोंगडी गेली. पुढं वस्तीवरच्या लग्नाकार्यातही कोंडाबाईंची घोंगडी कुणी मागेना. देवाला खोटं देणारी बाई — हे बोल त्यांच्या नावाला चिकटले, आणि ते मी चिकटवले. पुढच्या वर्षापासून मी मुलींना एक वाक्य जास्तीचं लिहून देऊ लागले : धागा जाळण्याआधी खळ धुऊन काढावी. ते कुणाकडून शिकले, हे कधीच सांगितलं नाही. मुलींनी ते अक्षर न्‌ अक्षर पाठ केलं.

परवा टेंभुर्णीच्या स्टँडवर कोंडाबाई भेटल्या. थकल्यात. चाती सुटली आहे. सोबत सून होती, तिला त्यांनी कौतुकानं माझी ओळख करून दिली.

"या कॉलेजच्या बाई. लई हुशार. आपली घोंगडी यान्नीच तपासली व्हती. मी धुऊन बगा म्हन्लं व्हतं, पन त्या घाईत व्हत्या."

सुनेनं वाकून माझ्या पायांना हात लावला. मी लावू दिला.