चालू महादशा

माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, पत्रिका बघतात. आमच्या मंगरूळपीरात त्यांना विचारल्याशिवाय कित्येक घरांत लग्नाची बोलणी पुढे सरकत नाहीत. बाळाची जन्मपत्रिका ते अजूनही पंचांग घेऊन हातानेच मांडतात. लग्नाच्या वेळी गुण आणि दशा काढायला मात्र त्यांना कॉम्प्युटरवरचा एक जुनापुराणा प्रोग्रामच लागतो. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे या विषयावर आम्ही दोघं एकमेकांचं ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

मध्यंतरी त्यांचा जुना कॉम्प्युटर कायमचा बसला. माझ्या मुलीने तो प्रोग्राम आपल्या नव्या लॅपटॉपवर घेतला, पण नवा लॅपटॉप त्याला ओळखच देईना. मग तिने आणखी एक फुकटचा प्रोग्राम टाकला. आपण जुन्याच मशीनवर आहोत असं तो म्हाताऱ्या प्रोग्रामला भासवतो म्हणे. चकचकीत पडद्याच्या मधोमध एक काळी चौकट उघडली आणि मामाजी खूश झाले.

पहिली पत्रिका मुलीने स्वतःचीच घातली, कारण केनवडचं स्थळ आलं होतं. मुलगा तिच्याच कॉलेजातला, मनं कधीच जुळलेली. मामाजींचा होकार तेवढा बाकी होता. त्यांना आता पडद्यावरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून तिने घाईघाईने थेट दशेचं पान काढलं आणि मोठ्याने वाचलं.

"चालू महादशा..." ती थांबली. "आबा, इथं नुसतं 'समाप्त' लिहेल हाय."

मामाजींनी तिला पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि संध्याकाळी केनवडला निरोप धाडला, यंदा कर्तव्य नाही.

"काहून नाही म्हनता, आबा? कारन तं सांगा!" मुलगी भांडली, रडली, जेवणावर रुसली. मामाजी तोंड फिरवून बसायचे. दशा संपली म्हणजे आयुष्यच संपलं, हे त्यांचं कारण मला कळलं होतं आणि त्यांचा भयंकर रागही आला होता. पण ती दुपारी झोपली की ते दारात उभे राहून तिचा श्वास चालतोय का ते बघायचे, तेव्हा माझा राग जिरायचा. तिने बसने वाशीमला जायचं नाही, गच्चीवर जायचं नाही. विज्ञान शिकवणारी मी, पण एकदा मीही झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरलं. लाज वाटली, आणि भीती काही गेली नाही.

एका रविवारी भर दुपारी घरात कुणी नव्हतं. मी लॅपटॉप उघडून त्या मुलाची जन्मतारीख घातली. समाप्त. मग मुलीच्या मैत्रिणींच्या घातल्या. त्यांचे वाढदिवस आमच्याच अंगणात झालेले, मला तोंडपाठ. समाप्त. समाप्त. त्यातली एक आदल्याच दिवशी बाजारात भेटून खिदळली होती. बाहेर भोंगा लावून भाजीची गाडी चालली होती आणि माझ्यासमोर अख्खा वर्ग संपलेला होता.

मग बोटांनी आपणच एक तारीख टाकली. माझ्या नवऱ्याची. तो जाऊन बरीच वर्षं झाली.

चालू महादशा, गुरू. पुढे शनी. त्याच्यापुढे बुध. ओळींमागून ओळी. स्वयंपाकघरात कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला. मी उठून बघितलं, कुणी नव्हतं. परत येऊन पडद्यासमोर बसले.

जिवंत ते संपलेले आणि गेलेला तेवढा चालू, हे बघता बघता मला वर्षाचा रकाना दिसला. त्यात दोनच आकडे मावत. लेकीचं ०२ टाकलं की तो बावळट १९०२ धरत होता. महादशांचं सगळं चक्र एकशेवीस वर्षांचं, ते सरलेलंच असणार. दोन हजारानंतर जन्मलेली पोरं आत्ता कुठे लग्नाला येऊ लागलीत, म्हणून आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मामाजी आल्यावर त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"मंग पोरीले काई नाही ना?"

"काई नाही, मामाजी. मशीनच चुकून राह्यली."

ते खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. डोळे पुसून म्हणाले, "अन् तुले कसं समजलं?"

कुणाची पत्रिका काढली होती ते मी सांगितलं.

"वाच."

मी वाचलं. गुरू, शनी, बुध. ते एकेका नावाला मान हलवत होते.

"त्याची चालू हाय?"

"हे तं चालूच म्हनते."

त्यांनी खुर्ची लॅपटॉपजवळ ओढली. मग म्हणाले, "पोरीचं 'समाप्त' खोटं मानलं, तं ह्याचं 'चालू' बी खोटंच मानाव लागन."

"हो," मी म्हणाले. तो आता नाही, हे इतक्या वर्षांत या घरात कुणी मोठ्याने कबूल केलं नव्हतं.

"बंद कर मंग."

माझं बोट काही हलेना. शेवटी त्यांनीच चाचपत चाचपत लॅपटॉपचं झाकण शोधलं आणि हळूच खाली केलं.

"केनवडले फोन लाव," ते म्हणाले.