पहिला घास

समोरासमोरच्या दोन मठांना गल्लीनं 'आधी तुम्ही' आणि 'आधी मी' अशीच नावं पाडली होती. एकात दुसऱ्याच्या आधी घास घेणं पाप, दुसऱ्यात दुसऱ्यासाठी थांबणं पाप. काकू 'आधी तुम्ही'ची चूल सांभाळायच्या. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, पण त्यांच्या हातचं कालवण गरम असताना कुणी तोंडात घातलं नव्हतं. एवढी एकच गोष्ट त्यांच्या जिवाला लागून राहिली होती.

पंगत बसली की सुरू.

"घ्या ना."

"छे, आधी तुम्ही."

"माझी शपथ आहे, तुम्ही."

वाफ विरायची, तवंग थिजायचा, तेव्हा कुठे सगळ्यांत भुकेला माणूस डोळे मिटून हरायचा. शेवटी जेवण्याचा मान मोठा. त्यापायी एकदा दोन विरक्तांनी एकमेकांची गचांडी धरली होती. आणि "कसं झालंय?" म्हणून विचारावं, तर उत्तर ठरलेलं, "आम्हाला चवीशी काय करायचंय, काकू?"

एक दिवस काकूंचं डोकं फिरलं. पळी उचलली नि समोरच्या मठात रांधायला गेल्या. तिथं पातेलं उतरायच्या आत ताटं भरली. काकू हरखल्या.

"कसं झालंय?"

"कौतुक म्हणजे दान," तिथले थोरले बोटं चाटत म्हणाले. "आम्ही देत नाही." काकूंच्या वाट्याला पातेल्याचा तळ आला, तोही खरवडलेला.

दुसऱ्या दिवशी त्या आपल्या मठात परतल्या. कालवण वाढलं, 'आधी तुम्ही' सुरू झालं, तशी काकूंनी मधोमध बसकण मारली, स्वतःचं ताट वाढलं आणि सगळ्यांदेखत पहिला घास घेतला. मग पंगतीच्या लक्षात आलं, पहिलं कुणीतरी खाल्लंय. आता पाप लागत नाही. अशी झुंबड उडाली की बोलायची सोय नाही.

एवढ्यात समोरचे थोरले दारात आले. त्यांच्याकडे दुसऱ्यासाठी चूल पेटवायला कुणी तयार नव्हतं.

"बघा, बाई आमच्या पंथाची."

"कशी?" इकडचे थोरले ताटावरून उठले. "आमच्यासाठी पाप अंगावर घेतलं तिनं. याहून मोठा त्याग कोणता?"

"वाद घाला खुशाल," काकू म्हणाल्या. "गार झालं तर पुन्हा तापवणार नाही."

दोन्ही पंथ दारात भांडत राहिले. पंगतीतला एक म्हातारा विरक्त भरल्या तोंडानं पुटपुटला, "काकू, मीठ जरा कमी पडलंय हं."

काकू मीठ आणायला उठल्या, तर गुडघे कुरकुरलेसुद्धा नाहीत.