घणाखालचा हात

तिला सगळे भूकंप म्हणत. तिने यांत्रिक घणाचा दांडा सोडला की शेजारच्या कँटीनमधला चहा कपातून बशीत यायचा, म्हणून हे नाव. ठेवणाऱ्यांना वाटलं होतं, बाई चिडेल. ती कशाला चिडते! नवऱ्याने तिला याहून वाईट नावं ठेवली होती, आणि तो काही नुसती नावं ठेवून थांबणारा नव्हता.

नवरा याच कारखान्यात, याच घणावर होता. दिवसभर लाल लोखंड ठोकायचा आणि घरी येऊन बायकोला. तिचा एक दात आणि डाव्या कानाचं ऐकणं त्यातच गेलं. एकदा समोर लोखंड धरून उभा असलेला सांडशीवाला "थांब, थांब" म्हणत असताना त्याने घण पाडला. लोखंडाचा ठोकळा नीट बसलेला नव्हता. तो उडाला आणि याच्याच छातीत घुसला. प्रेत घरी आलं तेव्हा आळीतल्या बायका तिच्या रडण्याची वाट बघत बसल्या. तिला रडू आलं नाही. त्यावर लोकांनी पुढे पुष्कळ तोंडसुख घेतलं. घेईनात का, त्यांच्या कानाखाली थोडाच जाळ निघाला होता.

नवऱ्याच्या जागी तिला कामावर घेतलं, पण हातात दिला झाडू. ऐरणीभोवती पडणारे जळक्या लोखंडाचे पापुद्रे गोळा करायचे आणि पायांवर उडणाऱ्या ठिणग्या झटकायच्या. पुढे नवा घणवाला आजारी पडला, माल अडला आणि म्हाताऱ्या सांडशीवाल्याने तिला हाक मारली. तापलेलं लोखंड लांब सांडशीत धरून ऐरणीवर फिरवणं हे त्याचं काम. त्याने मान हलवली की घण पाडायचा.

"पोरी, पाडणं गाढवालाही जमतं," तो म्हणाला. "दांडा सोडला की घण आपोआप खाली येतो. त्याला वर धरून ठेवणं, हे खरं काम. तुझ्या नवऱ्याला तेवढंच जमलं नाही."

तिला जमलं. मार खाताना दात आवळून धरायची सवय होतीच.

त्या शेडमध्ये एक रीत होती. नवीन माणूस दांड्यावर आला की कुणीतरी आपला उघडा हात ऐरणीवर ठेवायचा, आणि नव्याने घण खाली आणून हाताच्या बोटभर वर थांबवायचा. ठेवलेला हात काढायचा नाही. मध्येच काढला तर माणूस भित्रा ठरायचा नाही, त्याहून वाईट ठरायचा. घणवाल्याचं काहीतरी वाईट केलंय आणि ते याच्या पोटात आहे, असं सगळे धरून चालायचे. तिच्या वेळी हात ठेवला शेडच्या मुकादमाने. दुसऱ्या हातात सिगारेट, तोंडावर हसू. तेव्हापासून पाहुणे आले की हा खेळ ठरलेला. कसब तिचं आणि टाळ्या त्याला. तिने कधी तक्रार केली नाही.

मग तिची भाची, धाकट्या बहिणीची मुलगी, घासकामाच्या चाकावर लागली. कारखान्यात बायकांना कपडे बदलायला खोली नव्हती. हत्यारांच्या कोठीत बदलायचे, आणि कोठीची किल्ली मुकादमाकडे. एका दुपारी ती आत असताना त्याने बाहेरून किल्ली फिरवली आणि तो आत आला. तिने आरडाओरडा केला, पण घण चालू असताना कुणाला काय ऐकू जाणार? आणि घण चालवत होती तिची सख्खी मावशी. मुकादमाने भाचीचं डोकं लोखंडी मांडणीवर आपटलं. तिने हाताला लागलेला पाना त्याच्या तोंडावर हाणला आणि दार गाठलं. तिची बोटं चौकटीत असताना त्याने दार लाथेने लावलं. दोन बोटांचा चुरा झाला.

चौकशी झाली. मुकादम म्हणाला, पोरगी पडली. साक्षीदार कोण? कोठी ऐरणीपासून हाकेच्या अंतरावर होती; भूकंपची तिकडे पाठ, पण समोर उभ्या म्हाताऱ्या सांडशीवाल्याचं तोंड. तो म्हणाला, "मी काही पाहिलं नाही." त्याचा जावई मुकादमाच्या हाताखाली होता. शेवटी भाचीला सांगण्यात आलं की सोमवारपर्यंत तक्रार मागे घे, नाहीतर काम सोड.

आणि त्याच शनिवारी कारखान्याने महिला कामगारांचा गौरव ठरवला. ह्याला म्हणतात मुहूर्त. शेडच्या दारावर फलक लागला, खुर्च्या आल्या, मानचिन्हं आली. गौरवमूर्ती भूकंप. कार्यक्रमात शेवटी घणाचा खेळ, हात अर्थात मुकादमाचा.

घरी बहीण म्हणाली, "पाड त्याच्यावर. दांडा निसटला म्हणून सांग."

भूकंप भाजी चिरत राहिली. तिच्याही मनात तेच होतं, भाचीची बोटं चिरडली त्या दिवसापासून.

भाचीने पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला होता. "त्याचा हात जाईल, मावशी. तू तुरुंगात जाशील, आणि मी खोटी ती खोटीच राहीन. मग हा माणूस जन्मभर थोटा हात दाखवून रडेल आणि लोक त्याच्या बाजूने होतील."

शनिवारी भाषणं झाली. बाई म्हणजे शक्ती, बाई म्हणजे पोलाद, असं बरंच काही एक साहेब बोलले. भाची मागच्या रांगेत उभी होती, तिला खुर्ची नव्हती. मग भूकंपने दांडा हातात घेतला. आधी रिकाम्या ऐरणीवर एक घाव घातला. खुर्च्या हलल्या, पाहुणे दचकले आणि हसले.

मुकादमाने बाही वर केली, हात ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. आपण काय करणार आहोत हे तिला त्या क्षणी खरोखर माहीत नव्हतं. तिने घण खाली घेतला.

घण हातभर वर असताना मुकादमाने हात ओढून घेतला.

घण खाली आला आणि जिथे हात होता तिथून बोटभर वर थांबला, नेहमीसारखा. पाहुण्यांना त्यात काही वाटलं नाही. कामगारांना मात्र रीत ठाऊक होती. मग म्हातारा सांडशीवाला पुढे आला आणि त्याने आपला हात घणाखाली सरकवला.

"माझा राहू दे," तो म्हणाला. "मीही तुझा गुन्हेगार आहे, पोरी. तुझी भाची कोठीतून रक्तबंबाळ बाहेर आली. मागून हा आला, तोंड धरून. मी पाहिलं आणि चौकशीत खोटं बोललो. आता तुला वाटेल ते कर."

मुकादमाचा तोल सुटला. त्याने डाव्या हाताने म्हाताऱ्याचं मनगट ऐरणीवर दाबून धरलं, उजव्या हाताने भट्टीला टेकवलेली सांडशी उचलली आणि भूकंपच्या हातावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला.

"सोड दांडा," तो ओरडला. "सोड, नाहीतर डोकं फोडीन."

दुसरा घाव कोपरावर बसला. तिच्या डोळ्यांपुढे काळोख आला, तोंडात रक्त आलं, कारण तिने स्वतःचीच जीभ चावली होती. हात तिचा राहिला नव्हता. तरी तिने दुसरा हात त्यावर घट्ट दाबला, दांड्यावर अंग टाकलं आणि धरून राहिली. तिसरा घाव खांद्यावर. घण तसूभर खाली सरकला आणि म्हाताऱ्याच्या कातडीला टेकला. तिथेच थांबला.

मग कामगार मुकादमावर तुटून पडले. इतके दिवस मूग गिळून बसलेले ते लोक, त्यांनी त्याला बुटांनी तुडवला, त्याच्या फासळ्या मोडल्या, त्याचे केस धरून त्याला पापुद्र्यांच्या ढिगातून फरफटत ओढला. भाची लांबून बघत होती. तिने त्यांना थांबवलं नाही. साहेब मात्र "अरे, अरे" करत खुर्च्यांआड गेले होते.

या सगळ्या गोंधळात भूकंप एकच विचारत होती, "काका, हात निघाला का?"

"निघाला," म्हातारा रडत म्हणाला. "सोड आता."

तिने दांडा सोडला. घण ऐरणीवर आदळला आणि गौरवाचा फलक खाली आला.

साहेब मानचिन्ह घेऊन दवाखान्यात गेले. तिचा हात खांद्यापर्यंत बांधलेला होता. ती म्हणाली, "साहेब, हे टांगायला खिळा कोण ठोकणार? त्यापेक्षा बायकांना एक खोली द्या. कडी आतून असलेली." साहेबांना नाही म्हणायची सोय नव्हती. सगळं पाहुण्यांसमोर घडलेलं. मुकादम तुरुंगात गेला, भाचीला काम सोडावं लागलं नाही, आणि खोली झाली. कडी लावताना भूकंप स्वतः उभी होती. तिने सुताराकडून ती दोनदा बदलून घेतली.

हात मात्र वाकडा जुळला. घण आता तिला पेलणार नव्हता. ते कळलं त्या दिवशी ती खूप रडली. नवऱ्यासाठी राहिलेलं रडणंही त्यात निघून गेलं असेल, देव जाणे.

दांडा भाचीने मागितला. "माझी दोन बोटं वाकडी, तुझा हात वाकडा," ती मावशीला म्हणाली, "दोघींची मिळून एक धड बाई होईल."

रीतीप्रमाणे कुणीतरी हात ठेवायला हवा होता. म्हातारा पुढे सरकला. भूकंपने त्याला कोपराने मागे सारलं आणि आपला वाकडा हात ऐरणीवर ठेवला. लोखंड अजून कोमट होतं.

"डोळे मिट, मावशी," भाची म्हणाली.

"माझं राहू दे. तू तुझे उघडे ठेव."

घण खाली आला. वाऱ्याने भूकंपच्या कपाळावरचे केस हलले. मग शेडमध्ये कुठलाच आवाज झाला नाही.

"मावशी, काढ ना हात."

"काढते," ती म्हणाली. "घाई काय आहे? तू धरलायस ना."