कुंपणाखालची निळी फुलं

इंग्लंडमधल्या केटरिंग गावच्या त्या गल्लीत एनिड टॅपलबाईंचा राग सगळ्यांना ठाऊक होता. पोस्टमनसुद्धा त्यांचं फाटक लावून घ्यायला विसरत नसे. त्या रागातला मोठा वाटा शेजारच्या नॉर्मन पिकरिंगसाहेबांच्या वाट्याला येई.

दोघांच्या बागांमध्ये प्रिव्हेटच्या झुडपांचं डोक्याएवढं, दाट कुंपण होतं. ते बाईंच्या नवऱ्याने, आल्फने लावलेलं. शेवटच्या आजारपणात आल्फ त्याच्याजवळ खुर्ची टाकून चिमण्यांची भांडणं ऐकत बसायचा. पिकरिंगसाहेब मात्र या कुंपणावर डूख धरून होते, कारण त्यांच्या काचेच्या खोलीत म्हणे ऊन येत नव्हतं. दर ऑगस्टमध्ये ते आपली बाजू छाटत आणि फांद्या बाईंच्या अंगणात टाकत. वर म्हणत, "कुंपण तुमचं, तेव्हा त्यातून निघालेला कचराही तुमचाच, मिसेस टॅपल." रीत तशीच होती, म्हणून तर बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

जूनमध्ये भडका उडाला.

"कुंपणाखाली बघा जरा," पिकरिंगसाहेब म्हणाले. "नुसती धूळ. गल्लीतली सगळी मांजरं इथे घाण करून जातात. उपटा ते, मी फळ्या ठोकून देतो."

"पुढच्या ईस्टरपर्यंत इथे हिरवंगार झालं नाही ना, तर खुशाल उपटा!"

बाई बोलून गेल्या आणि घरात येऊन स्वतःवरच चरफडल्या. शब्द फिरवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आल्फचं कुंपण त्यांच्याच जिभेने टांगणीला लावलं होतं.

मग रोपं निवडणं सुरू झालं. सावली आहे म्हणून नेचे आणले, ते पंधरवड्यात करपले. होस्टा आणले, ते गोगलगायींनी फस्त केले. कोरडं आहे म्हणून लव्हेंडर लावलं, तर ते उन्हाच्या शोधात वाकडंतिकडं होऊन पडलं. सावली सोसणाऱ्याला कोरडं सोसेना, कोरडं सोसणाऱ्याला सावली. बाईंनी झारीवर झारी ओतली, पण प्रिव्हेटच्या मुळ्या सगळं पाणी पिऊन मोकळ्या.

"हावरट मेलं!" बाई कुंपणावर खेकसल्या. "तुझ्यासाठीच मरतेय ना मी?"

ऑगस्टच्या शेवटी पिकरिंगसाहेबांनी नेहमीप्रमाणे फांद्या टाकल्या. त्यांत त्यांनी आपल्या वाफ्यातून उपटलेल्या कसल्याशा वेलीचे गड्डेही दडपले होते. बाईंनी ते बघितले आणि इतक्या संतापल्या की सगळा ढीग लाथेने कुंपणाखाली ढकलून दिला. नंतर पाऊस लागला, गुडघे धरले, आणि त्या हिवाळाभर तिकडे फिरकल्याच नाहीत.

ईस्टरच्या सोमवारी पिकरिंगसाहेब फळ्यांचं माप घ्यायला मोजपट्टी घेऊन हजर. बाई जड पावलांनी कुंपणाशी गेल्या. वाळक्या फांद्यांमधून चकचकीत हिरवी पानं पसरली होती आणि त्यांत निळी फुलं.

"ही तर माझी वेल!" पिकरिंगसाहेब किंचाळले. "पेरिविंकल! ती उपटता उपटता माझी कंबर गेली!"

"तुमची कशी? कचरा माझा ना?"

"अहो, ती कुंपणाखालून परत माझ्याकडे येईल!"

"मग छाटा आणि टाका इकडे. रीत आहे तुमची."

मोजपट्टी सर्रकन मिटली. साहेब गेले. कुंपण वाचलं, तरी बाईंचा राग जाईना. त्यांनी पारखून आणलेलं एकूण एक रोप मेलं होतं, आणि जगलं ते त्या माणसाने फेकलेलं. आल्फ असता तर पोट धरधरून हसला असता. तो नव्हता, आणि त्याचाच राग सगळ्यात मोठा होता.

ऑगस्टमध्ये कुंपणावरून पुन्हा फांद्या आल्या. त्यांच्यावर वेलीचे दोन गड्डे होते, ओल्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले.

"फाटकाकडचा कोपरा मोकळा दिसतोय," पलीकडून आवाज आला.

"डोळे आहेत मला!" बाई ओरडल्या, आणि खुरपं घेऊन कुरकुरत्या गुडघ्यांवर त्या कोपऱ्यात बसल्या.