पोळ्याला सजवलेलं इंजिन

आमच्या घरात एका वर्षी पोळ्याला इंजिनाची पूजा झाली. ऐकणारे हसतात. मला अजून हसू येत नाही, डोकं तापतं.

राज्यं नव्याने आखली गेली आणि आमचा जिल्हा नागपूरकडून भोपाळकडे गेला, त्या सुमाराची गोष्ट. आमच्या गावी, दापोऱ्यात, वडिलांचं आणि काकांचं शेत एकत्र होतं, विहीरही एकच. कपाशी पावसावर यायची. विहिरीचं पाणी मिरच्या-वांग्यांना, आईच्या म्हशीला आणि घरात प्यायला. सकाळी मोट सुरू झाली की दुपारपर्यंत बैल दमायचे, त्यांना सोडावंच लागायचं. तेवढ्या वेळात झरे विहीर परत भरून काढायचे. हा काही कुणी घालून दिलेला नियम नव्हता. बैल थकायचे म्हणून पाणी उरायचं, एवढंच.

मग नव्या सरकारचे एक साहेब आले आणि चावडीसमोर उभे राहून "उपज बढ़ाओ" सांगून गेले. काकांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी बैलजोडी विकून टाकली, पाणी उपसायला डिझेलचं इंजिन आणलं आणि कपाशीची सगळी जागा केळीला दिली. केळीला किती पाणी लागतं हे तापीकाठच्या माणसाला काय सांगायचं? तरी आईने विचारलं, "भाऊजी, इंजिन आणलं ते ठीक. विहीर कुणी मोठी केली का?"

"भाबी, जमाना बदलला. बैलाच्या शेपटीमागे आता कोण फिरणार?"

वडील सुपारी कातरत बसून राहिले. काकांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला जास्त राग आहे.

पोळा आला तर गोठ्यात बैल नाहीत. काकांनी इंजिनालाच हळदकुंकू वाहिलं, बैलांची झूल त्यावर टाकली, गळा नाही म्हणून चाकाला हार बांधला. आईने पुरण वाटलं. नैवेद्याचं ताट मला न्यायला लावलं. डिझेलच्या वासात पुरणपोळी ठेवताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इंजिन काही दमत नव्हतं. चैत्रात विहिरीचा तळ दिसायला लागला. रात्रभरात जे झिरपेल ते पहाटे केळी पिऊन टाकायची, घराला गाळ. आई हंडा घेऊन तापीवर जाऊ लागली. घरापुरतं पाणी तिने डोक्यावर आणलं, पण म्हशीला तसं कुठून पुरणार? पारडू असल्यापासून वाढवलेली म्हैस तिने फोपनार गावच्या एका माणसाला विकली.

त्याच संध्याकाळी काका शेतातून आले, ओट्यावर टेकले. "भाबी, पाणी दे."

आईने लोटा आणून समोर ठेवला. त्यात विहिरीतलं पाणी होतं, चहासारखं गढूळ. "प्या. तुमच्या इंजिनानं आमच्यासाठी ठेवलंय ते."

काकांनी लोटा उचलून आत पाहिलं आणि तो तसाच खाली ठेवला. वडिलांनी कधी नव्हे ते तोंड उघडलं. मला वाटलं, आता हे काहीतरी खरं बोलतील.

"उद्या माणसं बोलवू," ते भावाला म्हणाले. "विहीर अजून खाली नेऊ. पाईपही लांब घेऊ."

पुढच्या पोळ्याला ताट पुन्हा माझ्याच हातात दिलं. मी ते रिकाम्या गोठ्यात, म्हशीच्या खुंट्यापाशी ठेवून आले.